ओटी सातव्यात, पण पहिल्या तीन महिन्यांचं काय?

मा. संपादक,


पोषण माहानिमित्त अंगणवाड्यांतून झालेल्या सामूहिक ओटीभरणाचे फोटो आठवडाभर आपल्या अंकात पाहते आहे. हिरव्या साड्या, फळांच्या परड्या आणि मधोमध पुढारी. बायका सगळ्या सातव्या-आठव्या महिन्यातल्या. पोट दिसल्याशिवाय फोटो चांगला येत नाही, कबूल. पण सरकारचं लक्षसुद्धा पोट दिसल्यावरच जावं? दर महिन्याच्या 9 तारखेची ती पंतप्रधानांच्या नावाची तपासणीही चौथ्या महिन्यापासूनच्या बायकांसाठीच!

ज्या नळीतून बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकून जेमतेम दोन आठवडे झालेले असतात. फॉलिक ॲसिडची गोळी पोटात जायला हवी ती त्याआधी. आणि आपल्याकडे सासूबाईंचा हुकूम : तीन महिने कुणाला सांगायचं नाही, दृष्ट लागते. आशाताईलासुद्धा नाही. नोंद होते चौथ्यात.

एवढ्यानं काय बिघडतं, म्हणणाऱ्यांसाठी आपल्या बेळगावचाच दाखला देते. सहा देशांतल्या जवळपास 12 हजार पहिलटकरणींचा अभ्यास 2020 मध्ये 'लॅन्सेट'मध्ये आला, त्यात आपल्या जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाचे (जेएनएमसी) संशोधक होते. कमी मात्रेची ॲस्पिरिन घेतलेल्यांत दिवस भरण्याआधीची बाळंतपणं 11.6 टक्के, न घेतलेल्यांत 13.1. गोळी सुरू केली होती सहा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान. ती कुणाला द्यायची हे डॉक्टरच ठरवतील. पण बाई त्यांच्यासमोर वेळेत आली तर ना! संशोधनाला आमच्या जिल्ह्यातल्या बायका चालतात, त्यातला शहाणपणा मात्र गावात पोचत नाही.

निपाणीत तर दुहेरी मार. वखारीत तंबाखू चाळणारी बाई दिवस गेल्याचं सांगत नाही, कारण सांगितलं की काम सुटायची भीती. धूळ नाकातोंडात जातच राहते. त्यात मळमळ थांबते म्हणून मशेरी! मुंबईतल्या 1,217 गरोदर बायकांच्या अभ्यासात, मशेरी-तंबाखू लावणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी भरलं होतं. हे 2004 सालचं. ओटीभरणाच्या मांडवात मशेरीबद्दल एक चकार शब्द कुणी काढल्याचं माझ्या तरी वाचनात नाही. पुढाऱ्यांनी काढावा अशी अपेक्षाही नाही. तंबाखूवर इथली अर्धी दुनिया जगते.

आणखी एक. शेजारच्या सुनेनं तिचं ताई कार्ड, म्हणजे गरोदरपणाच्या नोंदीचं सरकारी कार्ड, माझ्याकडून वाचून घेतलं, कारण ते सगळं कन्नडमध्ये आणि तिची शाळा मराठी. कोणती गोळी कधी, पुढची तपासणी केव्हा, धोक्याची लक्षणं कोणती, हे जिनं वाचायचं तिलाच वाचता येत नाही. भाषिक अल्पसंख्याक 15 टक्क्यांहून अधिक असतील तिथं त्यांच्या भाषेत सूचना द्यायचं धोरण केंद्रानं मान्य केलेलं आहे. दुकानांच्या पाट्यांवर कन्नड किती, हे मोजायला अधिकारी दारोदार फिरतात. ताई कार्डाच्या मागच्या बाजूला चार ओळी मराठीत छापायला आरोग्य खात्याला कुणाची परवानगी लागते?

— एक निवृत्त शिक्षिका, निपाणी