महागाईचा अंदाज मांडायला आपले संशोधक कुठे आहेत?

पुढच्या वर्षी डाळ-तेल किती महागेल असे सामान्य माणसाला वाटते, हा आज जगभरच्या अर्थशास्त्रातला महत्त्वाचा प्रश्न आहे. महागाई वाढणार असे लोकांना वाटले की ते जादा मजुरी मागतात, खरेदी उरकून घेतात, बचत सोन्यात घालतात. अशा कोट्यवधी निर्णयांतून अर्थव्यवस्था कशी हलते, याचा अभ्यास म्हणजे वर्तनवादी स्थूल अर्थशास्त्र.

1970 च्या दशकापासून या क्षेत्रावर रॉबर्ट लुकास यांच्या मांडणीचा पगडा होता. माणूस हाती असलेली सगळी माहिती वापरून तर्कशुद्ध अंदाज बांधतो, हे त्यात गृहीत होते. जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी 2001 च्या नोबेल व्याख्यानात या गृहीतकांना आव्हान दिले. पुढे 2021 मध्ये अमेरिकेतील एका अभ्यासाने दाखवले की बायकांचा महागाईचा अंदाज पुरुषांपेक्षा जास्त असतो, कारण घरचा किराणा बहुतेक त्याच भरतात. म्हणजे अंदाज माणसाच्या सामाजिक स्थानावरून ठरतो. समाजशास्त्राच्या विद्यार्थ्याला यात नवल वाटणार नाही.

पण हे शिकायचे कुठे? पीएच.डी.च्या नेहमीच्या अभ्यासक्रमात याला जागा कमी. म्हणून छोट्या निवासी कार्यशाळा होतात. न्यूयॉर्कचे रसेल सेज फाउंडेशन 1994 पासून वर्तनवादी अर्थशास्त्राची उन्हाळी कार्यशाळा घेत आले आहे. अशा ठिकाणी सर्वेक्षणाचा प्रश्न कसा घडवायचा, निम्म्या लोकांना खरी माहिती देऊन त्यांचा अंदाज किती बदलतो ते कसे मोजायचे, हे शिकवतात. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे ओळखी होतात. शेजारी बसलेला विद्यार्थी उद्या सहलेखक होतो, शिकवणारा प्राध्यापक शिफारस करतो. बोर्दियू ज्याला सामाजिक भांडवल म्हणतो ते हेच. नामांकित विभाग आणि वजनदार मार्गदर्शक पाठीशी नसेल, तर अशा दारापर्यंत पोहोचणेच अवघड. आपल्या बहुतेक संशोधक विद्यार्थ्यांची अडचण तर त्याही आधी सुरू होते. बार्टीच्या फेलोशिपसाठीच त्यांना आझाद मैदानात बसावे लागले आहे.

याचा आपल्या ताटाशी थेट संबंध आहे. मुंबईत मुख्यालय असलेली रिझर्व्ह बँक 2005 पासून शहरी कुटुंबांना विचारते, तीन महिन्यांनी आणि वर्षाने महागाई किती असेल? लोकांना जाणवणारी महागाई सरकारी आकड्यापेक्षा बहुधा बरीच जास्त निघते. लोकांना कळत नाही, असा याचा अर्थ लावणे सोपे आहे. पण ज्या घराची निम्म्याहून जास्त कमाई खाण्यावर जाते, त्या घराची महागाई खरोखरच वेगळी असते. सर्वेक्षणाच्या प्रसिद्ध तक्त्यांत स्त्री-पुरुष, वय, व्यवसाय आणि शहर दिसते. जात दिसत नाही.

2016 पासून रिझर्व्ह बँकेला 4 टक्के महागाईचे लक्ष्य आहे. 2023-24 च्या आर्थिक पाहणी अहवालाने खाद्यपदार्थ वगळून लक्ष्य ठरवण्याचा विचार व्हावा, असे सुचवले. खाद्यपदार्थांचे भाव पुरवठ्यावर ठरतात, व्याजदराने ते आवरत नाहीत, हा त्यामागचा युक्तिवाद पूर्ण चुकीचा नाही. पण तसे झाले तर गरिबाच्या खर्चाचा सर्वांत मोठा भागच लक्ष्याबाहेर जाईल. या वादात आपल्या बाजूने आकडेवारीसह बोलणारे संशोधक किती आहेत?

बाबासाहेबांनी 1923 च्या ‘द प्रॉब्लेम ऑफ द रुपी’मध्ये रुपयाच्या विनिमय दरापेक्षा देशातल्या किमतींचे स्थैर्य महत्त्वाचे मानले. 1925 मध्ये चलन आयोगापुढे त्यांनी सांगितले की भाव वाढतात त्या वेगाने मजुरी वाढत नाही, आणि धंदेवाल्याचा नफा मजुराच्या खिशातून येतो. चलनाच्या प्रश्नात वर्ग पाहणारी ही परंपरा आपली आहे, पण आपण ती जयंतीच्या भाषणापुरती ठेवली.

मागण्या स्पष्ट हव्यात. बार्टीने आणि विद्यापीठांच्या अर्थशास्त्र विभागांनी आपल्या पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी दरवर्षी दोन आठवड्यांची निवासी, मोफत कार्यशाळा घ्यावी. परदेशी कार्यशाळेत निवड झालेल्याला प्रवासखर्च मिळावा. आणि मित्रांनो, रिझर्व्ह बँक या सर्वेक्षणाची कुटुंबनिहाय माहिती संकेतस्थळावर देते. ती उतरवून घ्या. रोजंदारी कामगारांची उत्तरे वेगळी काढा, मग आपल्या वस्तीतल्या पन्नास घरांत तेच प्रश्न विचारा. सुरुवात करायला कुणाच्या शिफारसपत्राची गरज नाही.