पाठ असलेला नंबर



हा अंक हातात घेतलात की आधी एक करून पाहा. मोबाइल बाजूला ठेवा आणि पाच नंबर न पाहता कागदावर लिहा : माहेरचा, बहिणीचा, लेकीचा, मैत्रिणीचा आणि आपल्या संघटनेचा. किती जमले?

एकदोनच जमले असतील तर लाजू नका. नंबर फोनमध्ये आहे हे ठाऊक असले की डोके तो धरून ठेवायचे कष्ट घेत नाही. बेट्सी स्पॅरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ साली 'सायन्स' या नियतकालिकात काही प्रयोग मांडले. टाइप केलेली माहिती संगणकात राहणार आहे, असे ज्यांना वाटत होते त्यांना ती कमी आठवली. पुसली जाणार, असे वाटणाऱ्यांना जास्त आठवली. त्याच लेखातला दुसरा एक प्रयोग इतरांनी पुन्हा करून पाहिला, तेव्हा मात्र तसा निष्कर्ष निघाला नाही, हे २०१८ साली प्रसिद्ध झाले. तेव्हा इंटरनेटने मेंदू गंजला, अशी ओरड करण्याचे कारण नाही.

आपल्यापुढचा प्रश्न वेगळा आहे. आठवण फोनमध्ये ठेवली. पण फोन कोणाच्या हातात आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयोगटातल्या सुमारे ५४ टक्के स्त्रियांकडेच स्वतः वापरता येईल असा मोबाइल होता. ज्यांच्याकडे आहे, त्यांचे रिचार्ज कोण मारतो, पासवर्ड कोणाला ठाऊक असतो, हे आपण घरोघरी पाहतो. मारझोड करणारा नवरा आधी फोन हिसकावून घेतो. नेसत्या लुगड्यानिशी घराबाहेर काढलेली बाई रात्री शेजारणीच्या दारात उभी राहते. शेजारीण आपला फोन पुढे करते आणि हिला एकही नंबर आठवत नाही. अशा वेळी विसरणे ही साधी सवय राहत नाही. ती तिची कोंडी होते.

वालचंदनगर हे यंत्रांचे गाव. १९३० च्या दशकात नीरेकाठच्या माळावर साखर कारखाना उभा राहिला आणि पुढे इथल्या कारखान्यात इस्रोच्या अग्निबाणांचे भागही घडले. यंत्राला नावे ठेवणे आपल्याला शोभणार नाही. पिठाची गिरणी आली आणि बाईच्या खांद्यावरचे जाते उतरले, हे चांगलेच झाले. पण जात्याबरोबर ओवीही उठली. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी सासुरवास, माहेर, लेकीचे दुःख, पंढरीची वाट हे सारे ओव्यांत पाठ ठेवले होते. हेमा राईरकर आणि गी पॉइत्व्हाँ यांनी खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यांत आपल्या जवळच्या निमगाव केतकीच्या बायकांच्याही ओव्या आहेत. आज हा ठेवा इंटरनेटवर ऐकता येतो. म्हणजे नेटने आपली आठवण जपलीही आहे. मात्र ओवी नेटवर आहे म्हणून ती आपल्या लेकीच्या ओठावर आली, असे होत नाही. त्यासाठी कोणीतरी ती म्हणावी लागते.

हीच गोष्ट अर्जाची. आता फोनला सांगितले की तक्रार अर्ज तयार मिळतो. वकिलाची फी परवडत नाही तिथे ही मोठी सोय आहे, ती वापरावी. पण कौटुंबिक हिंसाचाराच्या २००५ च्या कायद्याखाली घटनेचा अहवाल भरताना कोणती घटना कधी, कुठे घडली, कोणी केली, हे सांगावे लागते. ते फोनला ठाऊक नसते, बाईला असते. घडले ते क्रमाने आठवणे, शब्दांत मांडणे, चार जणींसमोर बोलणे या कष्टांतूनच 'चूक माझी नव्हती' हे तिला उमगते. आपल्या बैठकांनी इतकी वर्षे हेच काम केले. ते कष्ट दुसऱ्याकडे सोपवले, तर कागद नेटका होईल. पण समोरून उलटतपासणी झाली की बाई गप्प होईल.

म्हणून या तिमाहीत प्रत्येक गटाने तीन गोष्टी कराव्यात, अशी आमची विनंती आहे. एक, प्रत्येकीने तीन नंबर पाठ करावेत आणि बैठकीच्या सुरुवातीला म्हणून दाखवावेत. ११२ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे त्यांत धरू नका, ते तर लहान मुलींनाही यायला हवेत. दोन, महत्त्वाच्या तारखा आणि नंबर एका वहीत लिहून ती वही विश्वासातल्या मैत्रिणीच्या घरी ठेवावी. तीन, कोणताही अर्ज फोनवर करण्याआधी बाईने तो आपल्या तोंडाने सांगावा आणि बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकावा.

सावित्रीबाईंनी आपल्या हाती पाटी दिली, ती डोके रिकामे करण्यासाठी नव्हे. फोनही तसाच वापरू या. तो हिसकावून घेता येतो. पाठ असलेला नंबर कोणालाही हिसकावता येत नाही.

— संपादक मंडळ