ध्वनिफिती पुन्हा बोलत्या करा!

विद्यार्थी मित्रांनो, स्वारगेटच्या एस. टी. स्थानकावर दोन मिनिटे डोळे मिटून उभे राहा. ध्वनिक्षेपकावरील घोषणा, गाड्यांची घरघर, विक्रेत्यांच्या आरोळ्या कानांवर येतील. पन्नास वर्षांपूर्वी येथे कोणते आवाज घुमत असतील? छायाचित्रावरून जुना चौक दिसेल. पण आवाज ऐकायचा, तर तो त्याच वेळी कोणीतरी मुद्रित केलेला हवा.

आकाशवाणीजवळ असा ठेवा आहे. पुणे केंद्र १९५३ साली सुरू झाले. ग. दि. माडगूळकर व सुधीर फडके यांच्या ‘गीतरामायणा’ची ५६ गीते १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर तेथूनच प्रसारित झाली. आज आपण ती बहुधा फडक्यांच्याच आवाजात ऐकतो. मूळ प्रसारणात मात्र माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे अशा अनेकांचे आवाज होते. लोकप्रिय गीते टिकतात. विज्ञानावरची भाषणे, शेतकऱ्यांचे किंवा मुलांचे कार्यक्रम यांची आठवण कोण ठेवतो?

ध्वनिफीत म्हणजे प्लास्टिकची पट्टी. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण चिकटद्रव्याने बसवलेले असतात. कणांच्या चुंबकत्वात आवाज साठतो. हवेतील ओलाव्याने काही फितींवरील चिकटद्रव्याचे विघटन होते आणि फीत वाजवताना कण खरवडून निघतात. अशा फिती मंद उष्णतेवर शेकून, त्या पुन्हा बिघडण्यापूर्वी त्यांवरील आवाज संगणकावर उतरवून घेतात.

दुसरा शत्रू म्हणजे माणूसच! काटकसरीपायी जुनी फीत पुसून तिच्यावर नवे मुद्रण केले जाते. १९६९ च्या अपोलो ११ मोहिमेतील चित्रांच्या मूळ फितीही अशाच पुसून पुन्हा वापरल्या गेल्या असाव्यात, असा निष्कर्ष नासाने २००९ साली काढला.

आमच्या मते, आवाज संगणकावर उतरवला म्हणजे काम संपले असे नव्हे. कोण बोलत आहे, केव्हा, कशाविषयी, ही नोंद नसेल तर तो आवाज सापडणार कसा? आवाज ओळखणारी माणसे वृद्ध होत आहेत. म्हणून हे संग्रह शाळांना ऐकू द्यावेत आणि नोंदींच्या कामी मुलांची व आजी-आजोबांची मदत घ्यावी. यास खर्च येईल हे खरे. पण पुसलेला आवाज कोणत्याही किमतीला परत मिळत नाही.

तुम्हीही आरंभ करा. स्वारगेटचे आजचे आवाज मुद्रित करा आणि सोबत तारीख, वेळ व जागा लिहा. पन्नास वर्षांनी कोणीतरी ते कान देऊन ऐकेल!