शेअर घेण्याआधी हे दोन आकडे बघा

कंपनीचा नफा वाढला, एवढं ऐकून शेअर घ्यायला धावू नका. नफा किती झाला ते बघाच, पण तो किती शेअरांत वाटला जाणार तेही बघा. तुमच्या कामाचा आकडा एका शेअरमागच्या नफ्याचा. त्यालाच ईपीएस म्हणतात.

निकालाच्या तक्त्यात अगदी तळाशी ईपीएसचे दोन आकडे असतात, बेसिक आणि डायल्युटेड. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीला ते द्यावेच लागतात. बीएसई, एनएसईच्या संकेतस्थळांवर निकाल फुकट बघायला मिळतो. एकदा वही-पेन घेऊन बसा.

आधी बेसिक काढू. समजा, कर भरून कंपनीकडे १० कोटी उरले. त्यातून प्रेफरन्स शेअरवाल्यांचा १ कोटीचा लाभांश वजा करा. तो त्यांचा हक्क, तुमचा नाही. राहिले ९ कोटी.

आता शेअर मोजा. १ एप्रिलला ८० लाख होते. १ ऑक्टोबरला पैसे घेऊन आणखी ४० लाख दिले. तो पैसा अर्धंच वर्ष राबला, म्हणून ते २० लाखच धरा. झाले १ कोटी. शेअरमागे नफा ९ रुपये.

मग डायल्युटेड. पंगतीला बसलेले मोजून भागत नाही, मागून येणाऱ्यांचीही पानं धरावी लागतात. काही कर्जरोख्यांचे पुढे शेअर होणार असतात. कर्मचाऱ्यांना ठरलेल्या भावात शेअर घ्यायचा हक्क दिलेला असतो.

समजा, कर्मचाऱ्यांना २५ लाख शेअर ९० रुपयांनी मिळणार आहेत. बाजारातला सरासरी भाव १८० आहे. त्यांच्याकडून साडेबावीस कोटी येतील. तेवढ्यात बाजारभावाने साडेबारा लाख शेअर बसतात. उरलेले साडेबारा लाख फुकटात गेले असं धरा आणि १ कोटीत मिळवा. ९ कोटींना त्याने भागलं की येतात ८ रुपये.

म्हणजे १८० रुपयांचा तोच शेअर बेसिकने नफ्याच्या वीसपट पडतो, डायल्युटेडने साडेबावीसपट. महाग की स्वस्त हे ठरवताना ईपीएसचा लहान आकडा धरा.

आणखी काही गोष्टी सांभाळा.

तिमाहीचा ईपीएस वर्षाचा समजू नका. लागोपाठच्या चार तिमाह्या बघा.

उपकंपन्या असतील तर एकत्रित निकाल वाचा.

बोनस झाला असेल तर जुना अहवाल तसाच वापरू नका. रिलायन्सने ऑक्टोबर २०२४ मध्ये एकास एक बोनस दिला. त्याआधीच्या अहवालातला ईपीएस निम्मा करूनच आजच्या आकड्याशी ताडा.

जमीन किंवा एखादा धंदा विकून नफा फुगला असेल तर तो दरवर्षी येणार नाही. तेवढा बाजूला काढा.

कंपनी तोट्यात असेल तर दोन्ही आकडे बहुधा सारखेच दिसतात. त्यावरून नवे शेअर येणार नाहीत असं समजू नका.

दोन आकड्यांत बरंच अंतर दिसलं, तर वार्षिक अहवालातली ईपीएसची टीप काढा. कोणाला, किती शेअर, कोणत्या भावात द्यायचे आहेत, हे शोधा. ते कळेपर्यंत पैसे बँकेत राहू द्या. ओळखीतल्या कुणी कितीही घाई केली तरी.