इतरांची गाणी गाणे हा दोष कसा?



विली नेल्सन यांच्या ‘लास्ट लीफ ऑन द ट्री’ (२०२४) या अल्बमवरचे गेल्या अंकातील पत्र वाचले. आवाज थकला आहे आणि गाणी बहुतेक इतरांची आहेत, असे पत्रलेखकाचे दोन आक्षेप आहेत.

दुसरा मला मुळीच मान्य नाही. पॅट्सी क्लाइनने १९६१ मध्ये गाजवलेले ‘क्रेझी’ लिहिणारा हा गीतकार. १९७८ च्या त्यांच्या ‘स्टारडस्ट’मध्ये तर सगळीच गाणी जुनी आणि इतरांची होती, तो अल्बम लाखोंनी खपला. आता नव्वदी ओलांडल्यावर टॉम वेट्स, बेक, नील यंग यांच्याकडे वळावेसे वाटणे, तेही निर्माता म्हणून मुलाला, मायकाला, सोबत घेऊन, ही मला मोठी उमेद वाटते.

आवाज क्षीण झालाय, खरे आहे. पण विलींची गायकी आवाजाच्या जोरावर कधी उभीच नव्हती. शब्द ठेक्याच्या किंचित मागे रेंगाळत ठेवायचा आणि नेमके समेवर यायचे, ही त्यांची खुबी आजही शाबूत आहे. आणि ती ‘ट्रिगर’! १९६९ पासूनची नायलॉन तारांची मार्टिन गिटार. बोटांनी वाजवायच्या या वाद्यावर त्यांनी वर्षानुवर्षे पिक चालवली, म्हणून लाकूड झिजून आरपार भोक पडले आहे. तिचा तो कोरडा, खणखणीत नाद दुसऱ्या कुणाकडे नाही.

पत्रलेखकांना विनंती, शीर्षकगीत एकदा हेडफोन लावून शांतपणे ऐकावे.

— एक वाचक, पुणे