मोटारीच्या दारांतील बेसूर

घरांतील वृद्ध माणसानें एखादी तक्रार केली म्हणजे आपण आधीं तक्रारीकडे न पाहतां तक्रार करणाराच्या वयाकडे पाहतों. या सदरांतून आजवर पाण्याच्या पंपापासून शिवणयंत्रापर्यंत अनेक यंत्रांच्या व्याधींचा विचार झाला. परंतु यंत्राचा दोष माणसाच्या माथीं मारण्याची चूक प्रस्तुत लेखकाच्याच घरीं तीन महिने चालली होती. तेव्हां ती कबूल करूनच या महिन्याच्या विषयाकडे वळणें रास्त होईल. विषय आहे मोटारींत गाणें-बजावणें लावलें असतां मध्येंच उठणाऱ्या चरचरीचा.

आमच्या तीर्थरूपांस (घरांत सारे त्यांना अण्णा म्हणतात) ८४ वें वर्ष चालूं आहे. गुडघ्यांच्या उपचारासाठीं त्यांना आठवड्यांतून दोनदां शहराच्या दुसऱ्या टोकाला न्यावें लागतें. जाण्यायेण्याचा हा पाऊण-पाऊण तास मात्र त्यांच्या विशेष आवडीचा. तरुणपणीं त्यांनीं तबल्याचें रीतसर शिक्षण घेतलेलें; मोटारींत बसलें कीं एखाद्या तबलावादनाचें ध्वनिमुद्रण लावावयास सांगावयाचें आणि मांडीवर बोटांनीं मात्रा मोजीत जावयाचें, हा त्यांचा नेम. गेल्या दिवाळीनंतर एके दिवशीं ते म्हणाले, "अरे, याचा डग्गा फुटका लागतो आहे." पुढें बसलेल्या आम्हां दोघां भावांना तसें कांहींच जाणवलें नाहीं. दोन दिवसांनीं पुन्हां तीच तक्रार. ध्वनिमुद्रण बदललें, तरीही तीच. घरांत निदान ठरून गेलें, कीं अण्णांच्या श्रवणयंत्रांत कांहीं तरी बिघाड असावा. तें तपासून आणलें. त्यांत दोष निघाला नाहीं. मग निदान आणखी एक पायरी खालीं उतरलें: कानच थकले, त्याला इलाज काय? हें बोलणें अण्णांपर्यंत पोंचलें असावें, कारण पुढच्या खेपेस ते आपण होऊनच म्हणाले, "राहूं दे रे, नको लावूं." त्यानंतर तीन महिने मोटार मुकाट्यानें जात-येत राहिली आणि अण्णांचीं बोटें मांडीवर स्वस्थ पडून राहिलीं.

ही कोंडी फोडली ती आमच्या बारा वर्षांच्या पुतणीनें. ती तबला शिकते. शाळेला सुटी होती म्हणून एकदां ती आजोबांशेजारीं मागच्या बाजूस बसली, आणि परततांना तिनें आपल्या सरावाचा तीनतालाचा ठेका लावला. थोड्याच वेळांत ती म्हणाली, "काका, आजोबा म्हणतात तें खरें आहे. इकडे कांहीं तरी चरचरतें. पण खालीला चरचरत नाहीं."

या एका वाक्यांत निम्में निदान होतें. तीनतालाच्या सोळा मात्रांपैकीं बहुतेक मात्रांवर 'धा' अथवा 'धिं' हे बोल येतात, आणि त्यांत उजव्या हाताच्या तबल्याबरोबर डाव्या हाताचा डग्गाही घुमतो. दहाव्या मात्रेपासून तेराव्या मात्रेपर्यंत मात्र 'तिं तिं ता ता' असे बोल असतात; तेथें डग्ग्याचा घुमारा नसतो. नेमक्या त्याच चार मात्रांपुरती चरचर थांबत असेल, तर ती थकलेल्या कानाची नव्हे आणि श्रवणयंत्राचीही नव्हे. डग्ग्याच्या खर्जानें हालणारी कोणती तरी वस्तु मोटारींतच आहे, हें उघड झालें. तरीही मोटार ज्या दुकानांत दाखविली, तेथील गृहस्थांनीं चारही स्पीकर नवे घालण्याचा सल्ला देऊन खर्चाचा अंदाजही हातीं ठेवला. तो कागद खिशांत घालून आम्ही घरीं परतलों आणि खर्च करण्यापूर्वीं थोडा विचार करण्याचें ठरविलें.

स्पीकरच्या पोटांत एक लोहचुंबक असतो व त्याच्या फटींत तारेचें एक हलकें वेटोळें. तें वेटोळें कागदाच्या किंवा प्लास्टिकच्या शंकूस जोडलेलें असतें. वेटोळ्यांतील विजेचा प्रवाह जसा उलटसुलट होतो, तसा शंकू मागेंपुढें हालतो व हवेस हालवितो. ही घडण अमेरिकेंतील राईस व केलॉग या संशोधकांनीं १९२५ सालीं मांडली. तत्त्व अद्यापि तेंच आहे. परंतु शंकू ज्या जोरानें पुढें जातो, त्याच जोराचा धक्का स्पीकरच्या सांगाड्याला मागें बसतो. घरांतील स्पीकर भक्कम लांकडी पेटींत असतो, म्हणून हा धक्का पचून जातो. मोटारींत तो बसविलेला असतो दारांत. आणि दार म्हणजे बाहेरून पातळ पत्रा, आंतून प्लास्टिकचें आवरण, व मधल्या पोकळींत कांच, ती वरखालीं करणारें यंत्र, कुलुपाच्या सळया आणि विजेच्या तारांची जुडी.

यांपैकीं प्रत्येक वस्तूस तिचा स्वतःचा असा एक स्वर असतो. तानपुऱ्याच्या जोडीपैकीं एक तार छेडली असतां दुसरी न छेडतांही थरथरूं लागते, हें गाणाऱ्या घरांतील मुलांनाही ठाऊक असतें. यालाच शास्त्रांत अनुनाद म्हणतात. डग्ग्यावर तळहात दाबीत नेला कीं त्याचा स्वर चढत जातो. चढतां चढतां तो दाराच्या एखाद्या सैल भागाच्या स्वरास मिळाला, कीं तो भाग थरारून शेजारच्या पत्र्यावर आपटूं लागतो. स्वर पुढें सरकला कीं तो पुन्हां गप्प. म्हणूनच अशी चरचर एखाद्या गाण्यांत भेटते आणि दुसऱ्यांत मुळींच भेटत नाहीं, व तक्रार करणारा खोटा ठरतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत आली, व ती आम्हांस लाजविणारी होती. दार हालतें तें खर्जानें, परंतु आपटण्यांतून निघणारी चरचर उंच स्वरांची असते. वयोमानानें माणसाची उंच स्वर ऐकण्याची शक्ति प्रथम क्षीण होते, म्हणून श्रवणयंत्र बहुधा त्याच स्वरांना अधिक वाढवून कानांत सोडतें. अर्थात् त्या दारापाशीं बसलेल्या अण्णांना ती चरचर आम्हांपेक्षां कमी नव्हे, अधिकच स्पष्ट ऐकूं येत होती.

आतां प्रत्यक्ष शोधाची रीत. मोटार मोकळ्या व शांत जागीं उभी करावी आणि इंजिन बंद ठेवावें. बंद गॅरेजमध्यें इंजिन चालूं ठेवून हा उद्योग कधींही करूं नये. धुरांतील कार्बन मोनॉक्साईड हा विषारी वायु वासावरून ओळखतां येत नाहीं. इंजिन बंद असतां बॅटरी उतरत जाते, यासाठीं काम अर्ध्या तासांत उरकावें. प्रथम दारांच्या कप्प्यांतील नाणीं, चष्म्याचें घर, पाण्याची बाटली, छत्री असें सारें सामान बाहेर काढावें. कित्येक तक्रारी येथेंच संपतात. नंतर मोबाईलवर शुद्ध स्वर काढून देणारें एखादें ॲप घेऊन तो स्वर मोटारीच्या स्पीकरांतून वाजवावा, आणि दर सेकंदास ३० कंपनांपासून ३०० पर्यंत सावकाश चढवीत न्यावा. आवाज बेताचाच ठेवावा; सलग शुद्ध स्वर मोठ्यानें वाजविला तर स्पीकरचें वेटोळें तापून निकामी होण्याचें भय असतें. आवाज डावीउजवीकडे व पुढेंमागें वळविण्याची सोय बहुतेक मोटारींत असते. तिच्या साहाय्यानें एका वेळीं एकाच दाराला बोलूं द्यावें.

आमच्या मोटारींत ९० कंपनांपर्यंत सारें शांत होतें. ९४ च्या सुमारास मागच्या डाव्या दारांत चरचर सुरू झाली आणि १०० ओलांडल्यावर थांबली. अशा वेळीं कान लावून जागा शोधण्याच्या भरीस पडूं नये. बंद मोटारींत आवाज कांचांवरून परतून भलतीकडूनच आल्यासारखा वाटतो. येथें कानापेक्षां तळहात अधिक विश्वासू. एकानें नेमका स्वर धरून ठेवावा व दुसऱ्यानें दार ठिकठिकाणीं दाबीत जावें. पुतणीनें स्वर धरला आणि मी वरच्या काठापासून दाबीत खालीं निघालों. खालच्या मागील कोपऱ्यावर हात पडतांच चरचर थांबली. हात उचलतांच पुन्हां सुरू झाली. तीन वेळां तसेंच घडलें, तेव्हां शंकेस जागा राहिली नाहीं.

दाब देऊनही आवाज थांबत नसेल तर मात्र दोष अन्यत्र शोधावा. शंकू फाटला असेल, किंवा वेटोळें चुंबकास घासत असेल. आवरण काढल्यावर शंकूच्या दोन्ही बाजूंस बोटें ठेवून तो अगदीं हलकेंच व सारखा दाबून पाहावा. घासल्याचा स्पर्श किंवा आवाज जाणवला, तर स्पीकर बदलणें भाग आहे. आवाज फार मोठा केल्यावरच सारे स्वर फाटत असतील, तर ॲम्प्लिफायरची शक्ति अपुरी पडत असते. तेथें आवाज व खर्ज कमी करणें हाच उपाय. आणि इंजिनाच्या वेगाबरोबर चढत जाणारी शीळ ऐकूं येत असेल, तर ती विजेच्या जोडणींतील, बहुधा अर्थिंगमधील उणीव होय. त्यासाठीं दार उघडण्याचें कारण नाहीं.

दाराचें आवरण थोडे स्क्रू व काठानें बसविलेल्या प्लास्टिकच्या क्लिपा यांवर उभें असतें. स्क्रू बहुधा हात घालण्याच्या खोबणींत किंवा कडीमागें झांकलेले असतात. पुष्कळ मोटारींच्या दारांत अपघाताचा धक्का ओळखून एअरबॅग उघडविणारा संवेदक असतो. आपल्या मोटारीच्या माहितीपुस्तकांत तसा उल्लेख असेल, तर हें काम घरीं न करतां जाणत्या कारागिराकडून करवून घ्यावें. आपण नेमकी जागा तेवढी दाखवून द्यावी. आम्हींही तसेंच केलें. आवरण निघालें तों त्या कोपऱ्यांतील दोन क्लिपा मोडलेल्या आणि तिसरी नाहींशीच झालेली. तेव्हां कोठें स्मरण झालें, कीं दिवाळीपूर्वीं याच दाराच्या कांचेचें यंत्र दुरुस्त करविलें होतें, व आवरण मोडक्या क्लिपांवरच परत दाबून बसविलें गेलें होतें. अण्णांची तक्रार दिवाळीनंतरची. ही तारीख घरांत एकानेंही जुळवून पाहिली नव्हती! स्पीकर बदलले असते, तर नव्या जोमाच्या स्पीकरांनीं तेंच सैल आवरण अधिकच हालविलें असतें.

उपाय तीन प्रकारचे. पहिला घट्ट करण्याचा: मोडक्या क्लिपा बदलणें, स्पीकरचे स्क्रू समोरासमोरचे असे आळीपाळीनें सारखे आंवळणें. दुसरा मऊपणाचा: तारांची जुडी फोमच्या पट्टीनें गुंडाळणें व आवरण जेथें पत्र्यास टेकतें तेथें फेल्टची पट्टी चिकटविणें. तिसरा वजनाचा, आणि त्याचें मर्म तबलजीस लगेच उमजेल. तबल्यावरील शाईनें कातड्यास नेमक्या जागीं वजन मिळून त्याचे उपस्वर सुसंवादी होतात, हें सी. व्ही. रामन व शिवकाली कुमार यांनीं १९२० सालीं 'नेचर' या नियतकालिकांत मांडलें. दाराच्या पत्र्यावर ब्यूटिल रबराची, वर ॲल्युमिनियमचा वर्ख असलेली जड पट्टी चिकटविली असतां पत्र्याचा स्वर असाच बदलतो. हेतु मात्र उलटा: शाई कातड्याला बोलतें करते, आणि हें रबर कंपनांची शक्ति उष्णतेंत जिरवून पत्र्याला गप्प करतें. सारा पत्रा मढविण्याचें प्रयोजन नाहीं. सपाट भागाच्या मध्यावर सुमारें पाव हिस्सा झांकला तरी बहुतेक कार्य साधतें.

आपल्याकडील पावसाळा लक्षांत घेऊन दोन पथ्यें अवश्य पाळावीं. कांचेच्या फटींतून दारांत पाणी उतरतच असतें व तें तळच्या छिद्रांवाटे वाहून जातें. तीं छिद्रें पट्टीनें बुजविलीं तर दार आंतून गंजतें. पाणी शोषणारा स्पंजही दारांत भरूं नये. तसेंच आवरणामागील प्लास्टिकचा पातळ पडदा फाडूं अगर टाकूं नये. आंतील ओल बैठकीकडे येऊं न देणें हें त्याचें काम. शेवटीं कांच एकदां पूर्ण खालीं व एकदां पूर्ण वर नेऊन पाहावी आणि मगच आवरण दाबून बसवावें.

आम्हांस तीन क्लिपा, हातभर फेल्टची पट्टी आणि एक लहानसा रबरी तुकडा एवढेंच लागलें. खर्च दुकानांतील त्या अंदाजाच्या पासंगासही पुरला नाहीं. पुढच्या खेपेस पुतणी पुन्हां आजोबांशेजारीं बसली व तिनें तोच ठेका लावला. अण्णा बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. पूल ओलांडतांना मीं आरशांत पाहिलें, तों त्यांचीं बोटें मांडीवर चालूं लागलीं होतीं, आणि खालीच्या मात्रेला हात अलगद हवेंत सुटत होता. आमच्या तीन महिन्यांच्या अविश्वासाबद्दल कांहीं तरी बोलावें म्हणून मीं तोंड उघडलें, तों मागून तेच म्हणाले, "आतां थोडा मोठा कर रे."