तोल कोणी सांभाळायचा?

अमेरिकेतील सतरा वर्षांची एखादी मुलगी उत्तम गोल्फ खेळते, अभ्यासातही हुशार आहे आणि आता तिला महाविद्यालय निवडायचे आहे. तिला व तिच्या आईवडिलांना चहूबाजूंनी एकच उपदेश ऐकू येतो : अभ्यास आणि खेळ यांचा तोल साधेल असे महाविद्यालय निवडा, वेळेचे नियोजन करा, शिस्त अंगी बाणवा. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील खेळाडू मुलींनाही हा उपदेश चुकत नाही. वरवर तो निरुपद्रवी वाटतो. आमचा आक्षेप मात्र त्याच्या मुळाशी आहे. जो तोल व्यवस्थेने मोडला, तो सावरण्याची जबाबदारी हा उपदेश एकट्या मुलीच्या शिरावर टाकतो.

वस्तुस्थिती पाहावी. महाविद्यालयीन खेळांचे नियमन करणाऱ्या ‘एन.सी.ए.ए.’ या संघटनेच्या नियमानुसार हंगामात खेळासाठी आठवड्याला वीस तास व दिवसाला चार तास ही मर्यादा आहे. परंतु स्पर्धेचा अख्खा दिवस या हिशेबात केवळ तीन तासांचा धरला जातो आणि प्रवासाचे तास तर मोजलेच जात नाहीत. गोल्फच्या स्पर्धा बहुधा चोपन्न होलच्या असतात आणि पुष्कळदा त्यांतील छत्तीस होल एकाच दिवशी खेळावे लागतात. सकाळी मैदानावर उतरलेली मुलगी सायंकाळी परतते आणि कागदावर तिचे तीन तास भरतात! शिवाय या स्पर्धा अनेकदा सोमवार-मंगळवारी, म्हणजे ऐन तासिकांच्या दिवशी होतात. हंगामही एक नव्हे, शरद व वसंत असे दोन. जिला रसायनशास्त्र वा अभियांत्रिकी शिकायची आहे, तिने प्रयोगशाळेतील बुडालेले तास कोणत्या शिस्तीने भरून काढावेत?

या लबाडीला इतिहास आहे. ‘विद्यार्थी-खेळाडू’ ही गोंडस संज्ञा शिक्षणाच्या कळवळ्यातून जन्मली नाही. १९५५ मध्ये कोलोरॅडोत फुटबॉल खेळताना एक विद्यार्थी मरण पावला आणि त्याच्या पत्नीने कामगार म्हणून नुकसानभरपाई मागितली. खेळाडूंना कामगार ठरवले जाण्याच्या याच धास्तीतून ही संज्ञा रुजविण्यात आली, हे संघटनेचे दीर्घकालीन प्रमुख वॉल्टर बायर्स यांनी निवृत्तीनंतर १९९५ मधील आपल्या पुस्तकात स्वतःच मान्य केले. त्या विधवेला १९५७ मध्ये न्यायालयाने भरपाई नाकारली. शब्द बदलला की श्रमाचे मोल बुडविता येते, हा धडा भांडवलशाहीला कोणी शिकवावा लागत नाही.

आणि ज्या शिक्षणाच्या नावाने हे सारे चालते, त्याची किंमत काय? नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठात सुमारे अठरा वर्षे नाममात्र वर्ग चालले. त्यांत तास होत नसत. एक निबंध दिला की चांगले गुण पदरात पडत. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार अशा वर्गांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थी होते आणि त्यांतील जवळजवळ निम्मे खेळाडू होते. २०१७ मध्ये एन.सी.ए.ए.ने या प्रकरणी विद्यापीठाला शैक्षणिक गैरव्यवहाराबद्दल दंड केला नाही.

स्त्रियांच्या खेळाची कहाणी तर अधिक बोलकी आहे. महाविद्यालयीन स्त्रियांची पहिली राष्ट्रीय गोल्फ स्पर्धा १९४१ मध्ये ओहायो स्टेट विद्यापीठात भरली, ती स्त्री-शिक्षिकांच्या पुढाकाराने. १९७१ मध्ये या शिक्षिकांनी स्वतःची संघटना स्थापिली; खेळ हा शिक्षणाचा भाग राहावा, पुरुषांच्या खेळातील बाजार येथे येऊ नये, हा त्यांचा आग्रह होता. १९७२ मध्ये ‘टायटल नाइन’ कायदा होऊन शिक्षणसंस्थांत लिंगभेदाला बंदी आली. ज्या एन.सी.ए.ए.ने १९७६ मध्ये या कायद्याच्या नियमांविरुद्ध न्यायालयात धाव घेतली, तिनेच पुढे स्त्रियांच्या स्पर्धा सुरू करून त्या संघटनेचा ग्रास घेतला. परिणाम काय झाला? १९७२ मध्ये स्त्रियांच्या संघांना शिकविणाऱ्यांत नव्वद टक्क्यांहून अधिक स्त्रिया होत्या. आज हे प्रमाण निम्म्याच्याही खाली आहे. मुलींना मैदान मिळाले. मैदानावरील सत्ता मात्र गेली.

कोणी म्हणेल, शिष्यवृत्ती मिळते ना, मग तक्रार कसली? आम्ही विचारतो, ती मिळते कोणाला? गोल्फमध्ये प्रशिक्षकाच्या नजरेत भरायचे तर कुमार स्पर्धा, प्रवास, मैदानाचे शुल्क हे सारे वर्षानुवर्षे स्वखर्चाने करावे लागते. ज्याला फी परवडते, त्याच्याच घरी फीमाफी पोहोचावी, असा हा न्याय! प्रथम श्रेणीच्या संघाला तर २०२५ पर्यंत केवळ सहा पूर्ण शिष्यवृत्त्यांची मर्यादा होती. त्या तुकडे करून वाटल्या जात. त्या वर्षीच्या न्यायालयीन तडजोडीने ही मर्यादा उठली, परंतु ती स्वीकारणाऱ्या महाविद्यालयांत संघाची कमाल संख्या नऊ ठरली. थकीत मोबदल्याच्या सुमारे २.८ अब्ज डॉलर्समधील सिंहाचा वाटा पुरुषांच्या फुटबॉल-बास्केटबॉलकडे जाणार, म्हणून काही स्त्री-खेळाडूंना २०२५ मध्येच अपील करावे लागले.

तर मग निवड करणाऱ्या मुलीने काय करावे? मैदानाची हिरवळ आणि संघाचा गणवेश पाहण्यापूर्वी तिने एकच प्रश्न विचारावा : उद्या मनगट दुखावले, प्रशिक्षक बदलला किंवा मला खेळणे नकोसे झाले, तर माझी पदवी शाबूत राहील काय? आयव्ही लीगमधील व तृतीय श्रेणीतील महाविद्यालये खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाहीत. तेथे मिळणारी मदत खेळावर अवलंबून नसल्याने काठी खाली ठेवली तरी ती सुटत नाही. जेथे खेळ सोडण्याचे स्वातंत्र्य आहे, तेथेच खेळण्याचे स्वातंत्र्य आहे.

तथापि एकेकीच्या सुज्ञ निवडीने व्यवस्था बदलत नाही. पदवी पूर्ण होईपर्यंत शिष्यवृत्तीची हमी, प्रवास व स्पर्धेच्या तासांची प्रामाणिक मोजणी, तासिकांच्या दिवशी स्पर्धा न भरविण्याचे बंधन आणि खेळाडूंना संघटित होऊन वाटाघाटी करण्याचा हक्क, या मागण्या सामूहिकच असू शकतात. नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या फुटबॉलपटूंनी २०१४ मध्ये युनियनसाठी मतदान केले होते. २०१५ मध्ये कामगार मंडळाने अधिकारक्षेत्र वापरण्यास नकार देऊन तो प्रश्न टाळला. टाळलेला प्रश्न सुटलेला नसतो. तोल सांभाळण्याचा उपदेश मुलींना पुष्कळ झाला. आता तो तराजू ज्यांच्या हाती आहे, त्यांना जाब विचारला पाहिजे.